पिंजऱ्याबाहेरचा कठडा

प्राणिसंग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्याला भक्कम जाळी असते आणि तिच्या अलीकडे, थोडी जागा सोडून, आणखी एक कठडा असतो. हा दुसरा कठडा कशासाठी? उत्तर शोधायला ३० सें.मी.ची पट्टी पुरेल.

मित्राला पट्टीचे वरचे टोक धरून ती उभी लोंबती ठेवायला सांगा. खाली, शून्याच्या खुणेपाशी, तुमचा अंगठा व तर्जनी पट्टीला न लावता उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. बहुतेकांना ती १५ ते २० सें.मी.च्या दरम्यान सापडते. २० सें.मी. खाली यायला ०.२ सेकंद लागतात. वरच्या वर्गातील मुलांनी गणित करून पाहावे. हा झाला तुमचा प्रतिक्रियाकाल.

आता समजा, जाळीतून बाहेर आलेला पंजा सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरला. (हा आकडा मी गणितापुरता धरला आहे, वाघाला कोण विचारणार?) ०.२ सेकंदात तो १ मीटर पुढे येईल, आणि तोवर तुमचा हात जागचा हललेलाही नसेल! इथे चपळाईचा उपयोग नाही, उपयोग अंतराचा. माकडाला शेंगदाणे द्यायला कठड्यावरून हात घालणारा हे अंतरच पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट कठड्याच्या उंचीची. तीच पट्टी टेबलावर ठेवून हळूहळू कडेबाहेर सरकवा. निम्मी बाहेर गेली की ती कलंडते, कारण तिचा गुरुत्वमध्य कडेपलीकडे जातो. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास, म्हणजे कठड्याच्या खाली असतो. तेच मूल आडव्या दांडीवर चढून वाकले की त्याची पट्टी होते. त्यात लहानग्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणजे वरचा भार अधिक.

२८ मे २०१६ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा एक मुलगा कठडा पार करून गोरिलांच्या खंदकात पडला. खोली सुमारे साडेचार मीटर. एवढे अंतर पडायला किती वेळ लागतो? जेमतेम एक सेकंद! आई जवळच होती. हरांबे नावाच्या सतरा वर्षांच्या गोरिलाने मुलाला पाण्यातून ओढत नेले. बेशुद्ध करणारे औषध टोचता आले असते. पण ते अंगात भिनायला काही मिनिटे लागतात आणि तोवर प्राणी बिथरण्याची भीती. शेवटी हरांबेला गोळी घालावी लागली. मुलगा वाचला. नंतर तेथील कठडा उंच करून त्याला दोरांची जाळी लावण्यात आली. त्या गोरिलाचा काय अपराध होता, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मध्यंतरी एका प्राणिसंग्रहालयात मी पाहिले, एक गृहस्थ मुलीला कठड्यावर बसवून मोबाइलवर फोटो काढत होते. मी हटकले तर म्हणाले, "एका हातानं धरलंय ना तिला!"

पट्टीचा प्रयोग आणखी एकदा करा. या वेळी दुसऱ्या हातात मोबाइल धरून त्याच्या पडद्याकडे पाहत राहा. पट्टी सापडलीच, तर आकडा पहिल्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.