उबुंटू हरवला नव्हता

गेल्या सत्रात संगणक कक्षातील एका जुन्या संगणकावर आम्ही विंडोज नव्याने टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी मुलांना उबुंटू सापडेना. संगणक सुरू केला की सरळ विंडोज उघडे. वाचनालयातील जुन्या मराठी पुस्तकांची यादी मुलांनी तीन महिने खपून उबुंटूमध्येच टंकित केली होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती (ही चूक आमचीच). दुरुस्तीला आलेले गृहस्थ म्हणाले, "सर, डिस्क फॉर्मॅट करावी लागेल." आम्ही त्यांना चहा दिला आणि निरोप दिला.

झाले काय होते? जुन्या पद्धतीच्या संगणकात बायोस प्रथम हार्ड डिस्कचा पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा ५१२ बाइटचा: ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ विभागांच्या तक्त्याला, २ खुणेला. 'ग्रब' या ४४६ बाइटांत पाय रोवून पुढचा पसारा उघडतो व कोणती प्रणाली हवी ते विचारतो. विंडोज टाकताना तेवढ्या जागेवर तिचा प्रोग्रॅम लिहिला जातो. म्हणजे दारावरची पाटी बदलली; घरातले सामान जागच्या जागी. उबुंटूचा विभाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो दिसत नाही, इतकेच.

नववीच्या मुलांना घेऊन बसलो. उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावला, त्यावरूनच संगणक सुरू केला आणि 'ट्राय उबुंटू' निवडले. इथे 'इन्स्टॉल' दाबू नये, नाहीतर खरेच सगळे जाईल. डिस्कचा दुसरा विभाग उघडला, तर यादी समोर! सर्वांत आधी तिची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मग हात दुरुस्तीला लावला.

टर्मिनलमध्ये आधी उबुंटूचा विभाग 'माउंट' केला, म्हणजे जोडला. त्यात डेव्ह, प्रोक व सिस हे तीन फोल्डर जोडले. मग 'सीएचरूट'ने संगणकाला सांगितले की आता मूळ घर हेच समज. पुढची आज्ञा 'ग्रब-इन्स्टॉल'. तिच्यापुढे पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे, विभागाचे नव्हे. एका विद्यार्थ्याने सवयीने शेवटी २ हा आकडा लिहिला, तर ग्रबने काम करण्यास साफ नकार दिला. आकडा खोडला आणि मिनिटाच्या आत काम झाले. शेवटी 'अपडेट-ग्रब'. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच द्याव्या लागतात, त्या कक्षाच्या फलकावर लिहिल्या आहेत.)

संगणक पुन्हा सुरू केला, तर उबुंटू हजर, पण यादीत विंडोज नाही! कार्यालयातील मंडळी घाबरली. तीही गेली नव्हती. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालून ती चालू केली, 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवले आणि दोन्ही नावे दिसू लागली.

ज्या पालकांच्या घरी नवे संगणक आहेत, त्यांनी मात्र हे जसेच्या तसे करू नये. त्यांत बायोसच्या जागी यूईएफआय असते व ग्रब वेगळ्या ईएफआय विभागात राहतो. तिथे आधी सेटिंगमध्ये जाऊन सुरू होण्याचा क्रम पाहावा. पुष्कळदा उबुंटूला वर आणले की भागते.

यादीची एक प्रत आता कार्यालयाच्या कपाटात आहे, दुसरी वाचनालयात.