केवलादेव घना : पाणी, म्हशी आणि पाखरं



अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घनदाट झाडी, वाघ, जीपगाडी आणि 'शांतता राखा' अशी पाटी. माणसानं तिथं हात लावू नये, सगळं निसर्गावर सोडून द्यावं, असंच आपण समजतो. आज ज्या जंगलाची ओळख करून घ्यायची आहे, ते या समजुतीला चांगलाच धक्का देतं. ते आहे राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान.

आधी नाव समजून घेऊ. उद्यानाच्या मधोमध महादेवाचं एक जुनं देऊळ आहे, तो केवलादेव. आणि झाडी दाट, म्हणून घना. भरतपूरची माणसं आजही नुसतं 'घना'च म्हणतात. हे उद्यान आग्र्यापासून साधारण ५५ किलोमीटरवर, भरतपूर शहराला अगदी लागून आहे. क्षेत्रफळ किती म्हणाल, तर फक्त २९ चौरस किलोमीटर. आपल्या ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जेमतेम पाव हिश्शाएवढं! पण एवढ्याशा जागेत ३५० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

आता प्रश्न असा, की राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात एवढं पाणी आलं कुठून? उत्तर आहे, माणसानं आणलं. मुळात ही जागा म्हणजे एक नैसर्गिक खोलगट भाग. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी या बाजूला पसरायचं. अठराव्या शतकात भरतपूरचे महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोलगट भागात छोटे छोटे बांध घातले, पाण्याचे कप्पे पाडले, दरवाजे बसवले. पावसाळ्यात अजान बांधातून पाणी सोडायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात खेळवायचं. आपल्याकडे शेतकरी वाफ्यांना पाणी देतो ना, तसंच, फक्त मोठ्या मापात.

हे सगळं पक्ष्यांच्या प्रेमापोटी केलं होतं का? छे! बदकांच्या शिकारीसाठी केलं होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो बदकं इथं उतरत आणि संस्थानचे पाहुणे त्यांच्यावर बंदुका चालवत. देवळाजवळ दगडी शिळांवर या शिकारींच्या नोंदी कोरलेल्या आहेत. तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती, असा अगदी व्यवस्थित हिशोब. त्यातला सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. एका दिवसात! ही शिळा आजही उभी आहे, आणि ती काढून टाकली नाही हे मला योग्य वाटतं. १९५६ मध्ये इथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं, तरी बड्या पाहुण्यांच्या शिकारी त्यानंतरही काही वर्षं चालूच होत्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं आणि पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी या जागेच्या रक्षणासाठी पुष्कळ प्रयत्न केले. इथंच पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेली कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा अभ्यासही झाला.

चला, आता पावसाळ्यातला घना पाहू.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आत येतं आणि पाण्याबरोबर येतात माशांची असंख्य पिल्लं. गुडघाभर, कमरेभर पाणी, आणि त्यात उभ्या बाभळी. या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे, शराटी, चमचे, तिरंदाज असे नाना जातींचे पक्षी एकत्र घरटी करतात. एकेका झाडावर इतकी दाटी, की चाळीतले बिऱ्हाडकरू आठवावेत! पाण्यातलंच झाड का? कारण खाली पाणी असलं की कोल्हा, रानमांजर यांना वर जाणं सोपं राहत नाही. शिवाय पिल्लांचं खाणं घराखालीच पोहत असतं. चित्रबलाक आपली अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो आणि माशाचा स्पर्श होताच ती झटकन मिटतो. उघड्या चोचीच्या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. गोगलगायी हे त्याचं मुख्य खाणं.

म्हणजे पाणी वेळेवर आलं तर मासे, मासे असले तर घरटी. पाणी उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर हे पक्षी घरटी करत नाहीत, किंवा केलेली सोडून जातात. ही साखळी नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिवाळ्यात दृश्य बदलतं. उत्तरेकडची बदकं, हंस, शिकारी पक्षी येतात. भाग कोरडा होत जातो तशी कदंब, जांभूळ, बोर, बाभूळ यांची झाडी आणि गवताळ माळ उठून दिसतात. तिथं नीलगाय, चितळ, सांबर, रानडुक्कर दिसतात. थंडीच्या सकाळी अजगर बिळाबाहेर ऊन खात पडलेले असतात. गंमत म्हणजे ही बिळं बऱ्याचदा साळिंदरांनी खणलेली असतात. वर्षभर नाचणारी सारस क्रौंचांची जोडी हा तर घन्याचा दागिनाच. आणि हे सारं दाखवतात कोण? सायकलरिक्षावाले! पिढ्यान्‌पिढ्या भरतपूरचे हे रिक्षाचालक पक्षी ओळखायला शिकले आहेत.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे.

१९८१ मध्ये घन्याचा समावेश रामसर यादीत झाला. रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार. ओडिशातलं चिलिका सरोवर आणि केवलादेव ही भारतातली या यादीतली पहिली दोन ठिकाणं. त्याच सुमारास घना राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यान झालं म्हणजे कायद्यानं गुराढोरांना आत बंदी. पण आजूबाजूच्या गावांच्या म्हशी तर पिढ्यान्‌पिढ्या इथंच चरत होत्या. भोवती भिंत उभी राहिली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद केली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मृत्युमुखी पडले. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेवर माणसांचे प्राण गेले, हे या उद्यानाचा धडा शिकताना वगळून चालणार नाही.

म्हशी पक्ष्यांना त्रास देतात, गवत संपवतात, त्या गेल्या की पाणथळ सुधारेल, असं तेव्हा तज्ज्ञांनाही वाटत होतं. झालं भलतंच. पाण्यात वाढणारं पॅस्पॅलम नावाचं एक गवत होतं. म्हशी ते पाण्यात शिरून खायच्या. म्हशी गेल्या आणि हे गवत मोकाट सुटलं. उघडं पाणी झाकलं जाऊ लागलं. माशांना फिरायला जागा नाही, बदकांना पोहायला जागा नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षं इथं अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला, की म्हशींची चराई ही या पाणथळीची शत्रू नव्हती, तिच्या व्यवस्थेचाच एक भाग होती. विचार करा, ज्या संस्थेनं पक्ष्यांसाठी आवाज उठवला, तिच्याच अभ्यासातून म्हशींच्या बाजूचा पुरावा पुढे आला. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची मुभा दिली गेली. पण विळा म्हशीसारखा पाण्यात शिरून दिवसभर चरत नाही, नाही का?

१९९० मध्ये केवलादेवचं नाव मॉन्ट्रो नोंदवहीत गेलं. रामसर यादीतल्या ज्या जागांची प्रकृती बिघडत चालली आहे त्यांची ही वेगळी यादी. कारणं दोन दिली होती : पाण्याची टंचाई आणि चराईचं बिघडलेलं गणित. (घना १९८५ पासून युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळही आहे. मान मोठा, पण मानानं तळं भरत नाही.)

पाण्याचं दुखणं तर अजून जुनाट. घन्याला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं. नाशिकच्या मुलांना अंदाज यावा म्हणून सांगतो, गंगापूर धरणात मावतं त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढं. पण गंभीर नदीवर, वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात, पांचना धरण झालं. तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवंच. २००० नंतरच्या दशकात काही वर्षं घना अक्षरशः कोरडा पडला, घरटी झाली नाहीत. मग गोवर्धन नाल्याचं पाणी नळातून आणलं गेलं, चंबळच्या पाणीयोजनेतूनही थोडा वाटा मिळू लागला. पण नळाच्या पाण्यात आणि नदीच्या पुरात फरक असतो. पुराबरोबर माशांची पिल्लं आणि तऱ्हेतऱ्हेचं बी वाहत येतं. पाण्याअभावी कोरड्या भागात वेडी बाभूळ माजली, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनाच ती मुळासकट उपटून लाकूड घरी न्यायला सांगितलं गेलं. १९८२ साली ज्यांना भिंतीबाहेर ठेवलं, त्यांनाच हाक मारावी लागली!

सायबेरियन क्रौंचाचं मात्र उशीर होऊन गेला. हा पांढराशुभ्र पक्षी हजारो किलोमीटर उडून दर हिवाळ्यात इथं यायचा आणि उथळ पाण्यात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद खायचा. १९६० च्या दशकात त्यांची संख्या २०० च्या आसपास होती. वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार होत गेली, थवा दरवर्षी लहान होत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. त्यानंतर एकही नाही.

आपल्याकडे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. तेही माणसानं बांधलेल्या बंधाऱ्यामुळे आणि साठलेल्या गाळामुळे तयार झालेलं. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पावसाळ्यात 'नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' ही बातमी तुम्ही वाचताच. यंदा ती वाचाल तेव्हा एका वहीत आकडे तारखेनिशी लिहून ठेवा, आणि हिवाळ्यात तिथं गेलात तर कोणत्या पक्ष्यांना किती खोल पाण्यात उभं पाहिलं, तेही शेजारच्या रकान्यात लिहा.