परीक्षा ज्ञानाची

नाशिक क्षेत्री गोदावरीच्या घाटावर उभे राहिले, म्हणजे नदी अगदी हाताशी आहे असे वाटते. परंतु चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मनुष्यास तेच पाणी फार दूर असते. नदीने त्याला दूर लोटलेले नसते; त्याला अडविलेले असते ते मधल्या पायऱ्यांनी. विद्येची गोष्टही अशीच आहे. विद्या कोणासही परकी मानीत नाही. पण तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर माणसांनीच बांधलेल्या काही पायऱ्या अशा असतात की, त्या सर्वांना चढता येत नाहीत.

पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची दृष्टिहीन मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन नाशिकच्या महाविद्यालयात आली आहे, अशी कल्पना करावी. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकृती काढतात आणि 'हे पाहा' असे म्हणून पुढे जातात. ग्रंथालयातील कपाटे पुस्तकांनी भरलेली असतात. पण त्यांतील एकही तिच्या बोटांना वाचता येत नाही. परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती पडते. तिच्या लेखी तो कोरा कागदच! विषय तिला मुखोद्गत आहे, परंतु उत्तर कागदावर उतरविण्याचे साधन नाही. अशा स्थितीत ती अनुत्तीर्ण झाली, तर ती परीक्षा ज्ञानाची झाली की डोळ्यांची?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने कायद्याच्या रूपाने दिले आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार मानले होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. परंतु प्रवेश दिला म्हणजे संस्थेचे कर्तव्य संपले, असे नव्हे. ज्याला जी अडचण, तिच्याप्रमाणे वाजवी सोय करणे हेही तिचे कर्तव्य ठरते. दृष्टिहीनास ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित पुस्तके, श्रवणदोष असलेल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी, चालता न येणाऱ्यास उतरता मार्ग व तळमजल्यावरील वर्ग, आणि ज्याला स्वतः लिहिता येत नाही त्यास लेखनिक, अशा त्या सोयी होत. लेखी परीक्षेत अशा विद्यार्थ्यास ताशी किमान 20 मिनिटे वाढीव वेळ द्यावा, अशी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. म्हणजे 3 तासांच्या परीक्षेस 1 तास अधिक.

यावर कोणी म्हणेल, 'लेखनिक मिळाला, वेळही अधिक मिळाला. मग हा इतरांवर अन्याय नव्हे काय?' वरवर पाहता ही शंका रास्त वाटते. पण ती टिकत नाही. चष्मा लावून परीक्षेस बसणाऱ्यास कोणी लबाड म्हणत नाही. कारण चष्मा अक्षरे दाखवितो, उत्तरे सांगत नाही. लेखनिकही सांगितलेले तेवढेच लिहितो. प्रश्न दोनदा वाचवून घेणे, वाक्य सांगणे, एखादा कठीण शब्द अक्षराअक्षराने उलगडणे, यात जो काळ जातो, त्याचीच भरपाई वाढीव वेळाने होते. गुण मिळतात ते ज्ञानालाच.

हा हक्क केवळ टक्केवारीवर अवलंबून नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हाताच्या स्नायूंच्या विकारामुळे लिहिणे कठीण झालेल्या एका उमेदवारास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला. 40 टक्क्यांचा निकष त्याच्या आड आला. त्याने न्याय मागितला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दिव्यांगत्वामुळे ज्यास लिहिणे खरोखर कठीण आहे, त्यास टक्केवारीचे कारण सांगून लेखनिक नाकारता येणार नाही.

तथापि, हक्क मागितल्यावाचून क्वचितच हाती येतो. 'लोक काय म्हणतील?' या संकोचाने पुष्कळ विद्यार्थी परीक्षा जवळ येईपर्यंत गप्प राहतात, आणि मग धावपळ करूनही वेळ निघून गेलेली असते. म्हणून शासकीय रुग्णालयातून मिळालेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून, सत्राच्या आरंभीच प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा. कोणती अडचण आहे व कोणती सोय हवी, हे स्पष्ट शब्दांत लिहावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. तोंडी आश्वासन विसरले जाते. कागद विसरत नाही. लेखनिकाबरोबर आधी सराव केल्यास परीक्षेत दोघांचाही गोंधळ होत नाही.

अशा सोयींना जिद्दीची जोड मिळाली, म्हणजे काय घडते हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दाखविले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकून त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेल्या. त्या महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी 2003 पासून स्वतंत्र साधनकेंद्र आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकाच्या साहाय्याने त्यांनी अभ्यास केला. 2015 च्या लोकसेवा परीक्षेत त्यांचा 773 वा क्रमांक आला. परंतु दृष्टी नसल्याच्या कारणाने रेल्वेच्या सेवेत त्यांना घेण्यात आले नाही. त्या खचल्या नाहीत. पुढच्याच वर्षीच्या परीक्षेत 124 वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या.

कायदा दार उघडतो. आत बोलावणे हे मात्र सोबत्यांच्या हाती असते. वर्गमित्राने एखादा धडा वाचून ध्वनिमुद्रित करून दिला, तरी तो उपकार नव्हे. ते सहाध्यायाचे कर्तव्य आहे. घाटावर पायऱ्यांशेजारी एक उतार बांधल्याने गोदावरीचे पाणी कमी होत नाही. पाण्यापर्यंत पोहोचणारी माणसे तेवढी वाढतात.

शब्दार्थ : मुखोद्गत – तोंडपाठ, लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून घेणारा, रास्त – योग्य, निकष – कसोटी, सहाध्यायी – बरोबर शिकणारा.

स्वाध्याय
1. घाटाच्या पायऱ्यांचा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे?
2. वाढीव वेळ देणे हा इतरांवर अन्याय का नाही?
3. पाठातील दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या वतीने प्राचार्यांस लेखनिक मिळण्याबाबत अर्ज लिहा.