घड्याळ कोण सुरू करतं

पिट्सबर्ग,
९ मार्च

चि. सई,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलंस तेव्हाच तुझ्या मामीनं देवापुढे साखर ठेवली होती, पण काम नेमकं काय हे तिला उमगलं नव्हतं. 'अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी पोरं पारखायची' एवढंच मी तिला सांगितलं. आता तुझ्या पत्रावरून नीट कळलं. एप्रिलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या निवडीसाठी, तुला बचावाची बाजू दिली आहे, त्यातले एज रशर आणि लाइनबॅकर यांची पहिली यादी तू लावायची आहेस. इंडियानापोलिसचं कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी, उरकलं, आकडे हातात आले, आणि तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, तेव्हा यादी त्या आकड्यांवरून लावलीस. शेवटी विचारलं आहेस, 'मामा, तुम्ही इतकी वर्षं हा खेळ बघताय, यात काही चुकतंय का?'

पोरांची नावं कळवली नाहीस हे फार चांगलं केलंस. पुढेही कळवू नकोस, ती संघाची गोष्ट आहे. पण चुकतंय, हे मला नावांशिवायही दिसतं.

कम्बाइनमधली ४० यार्डांची धाव डोळ्यांसमोर आण. तिथे पिस्तूल वाजत नाही, कुणी 'पळ' म्हणत नाही. मुलगा हात टेकून बसतो, श्वास जुळवतो आणि त्याला वाटेल तेव्हा निघतो. तो हलला की घड्याळ सुरू होतं. आक्रमणाचा खेळाडू सामन्यातही जवळपास असाच निघतो. चेंडू कितव्या हाकेला हलणार, आपण कुठे जायचं, हे त्याला आधीच सांगितलेलं असतं. बचावपटूला यातलं काही ठाऊक नसतं. त्याचं घड्याळ दुसराच कुणीतरी सुरू करतो. तो कायम उशिरा निघतो, आणि पुष्कळदा पहिलं पाऊल चुकीच्या बाजूला टाकून निघतो, कारण समोरच्यांनी त्याला फसवण्याचाच बेत केलेला असतो. तो फसवणूक किती लवकर ओळखतो आणि चुकलेलं पाऊल कसं सावरतो, यातच त्याचं निम्मंअधिक कसब असतं. नेमकं तेवढंच इंडियानापोलिसच्या घड्याळात येत नाही. तुझ्या यादीत मला हीच उणीव दिसते.

१९९५चा ड्राफ्ट तुझ्या जन्माआधीचा, पण तुमच्या धंद्यात अजून त्याचं नाव निघतं. बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला कम्बाइनच्या एकेका कसरतीची खास तयारी करून गेला आणि तिथे असा चमकला की फिलाडेल्फिया ईगल्सनी पुढे सरकून सातव्या क्रमांकावर त्याला घेतलं. ज्यांच्याशी त्यांनी त्यासाठी निवडींची अदलाबदल केली त्या टॅम्पा बेनं बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅप घेतला, आणि त्याच फेरीत २८व्या क्रमांकावर डेरिक ब्रूक्स. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि २००३च्या जानेवारीत टॅम्पानं सुपर बोल जिंकला तो या दोघांच्या बचावावर. मामुलाची लोक थट्टा करतात ती मला आवडत नाही. पाच हंगामांत त्यानं ३१.५ सॅक केले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडलं; तो साधारण बरा खेळाडू होता. फार मोठा समजून त्याला घेतलं, हा दोष निवडणाऱ्यांचा.

तू म्हणशील, कम्बाइन बाजूला ठेवते, कॉलेजमधले सॅक मोजते. तेही पुरत नाही. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टननं २००७च्या हंगामात १४ सॅक केले होते आणि कम्बाइनला २२५ पौंडांचं वजन ३७ वेळा उचललं होतं. कागदावर याहून भक्कम काय असतं? न्यूयॉर्क जेट्सनी २००८मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही.

म्हणून प्रत्येक सॅक मोजण्याआधी तो झाला कसा ते बघ. समोर अडवायला कोण होता, बरोबरीचा टॅकल, की मदतीला आलेला रनिंग बॅक? की गोंधळात कुणी अडवायला आलंच नाही? क्वार्टरबॅक चेंडू धरून किती वेळ उभा राहिला? २०२५चा सुपर बोल तू आमच्याकडेच बघितलास. ईगल्सनी पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा पाडलं आणि त्यासाठी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज जादा माणूस धाडलाच नाही. त्या सॅकमधला काही वाटा मागे रिसीव्हरांना झाकून उभ्या असलेल्या कॉर्नर आणि सेफ्टींचा होता, पण नोंदवहीत त्यांचं नाव येत नाही. उलट काही मुलं सबंध सामनाभर क्वार्टरबॅकला हैराण करतात, त्याला घाईनं चेंडू फेकायला लावतात, आणि रात्री त्यांच्या नावापुढे शून्य असतं. तुझ्या यादीत अशी शून्यवाली मुलं कुठे आहेत, ती आधी शोध.

आता फिल्म कशी बघायची ते सांगतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे ती फिल्म तुझ्या उपयोगाची नाही. वरून घेतलेली, बावीसही जण दाखवणारी फिल्म घे, आणि चेंडूकडे बघूच नकोस. सुरुवातीला हे फार जड जातं. एकच मुलगा धर आणि सलग साठ-सत्तर चाली त्याच्याकडेच बघ. खेळ त्याच्या विरुद्ध बाजूला गेला तर तो काय करतो? मैदान तिरकं कापत पाठलाग करतो, की दोन पावलं टाकून कमरेवर हात ठेवतो? क्वार्टरबॅकनं चेंडू दिल्याचं नाटक केलं, मुलगा फसून पुढे धावला. ठीक, सगळेच फसतात. पण तिसऱ्यांदा तेच नाटक झालं तेव्हाही फसला का? टॅकल हुकला तर जोर कमी पडला म्हणून, की कोनच चुकला म्हणून? जोर दोन वर्षांत वाढतो. कोन चुकण्याची खोड मात्र फार चिवट असते. आणि संघ वीस गुणांनी मागे असतानाचा चौथा क्वार्टर मुद्दाम बघ. त्या वेळी प्रेक्षक घरी निघालेले असतात, हरणं ठरलेलं असतं. त्या पंधरा मिनिटांत मुलगा जसा खेळतो तसाच तो खरा असतो, असं माझं ठाम मत आहे.

मी मिरजेच्या शाळेत कबड्डी खेळायचो तेव्हा आमचे सर सांगायचे, चढाईवाल्याच्या हातांकडे बघू नका, कमरेकडे बघा, कंबर खोटं बोलत नाही. इथल्या शाळेच्या मैदानावर प्रशिक्षकानं लाइनबॅकरांना तेच सांगितलं तेव्हा मला घर आठवलं. तूही मुलाची कंबर बघ. वळताना ती सहज फिरते, की फिरवताना त्याला थांबावं लागतं? कॉर्नरबॅकच्या बाबतीत तर मी हे धावेच्या वेळेआधी बघेन.

इथल्या त्या शाळेत मी पंधरा वर्षं शुक्रवारी संध्याकाळी संघासाठी फिल्मच्या नोंदी करायचो, हे तुला माहीत आहे. एका वर्षी एका लाइनबॅकरला मी 'संथ' असा शेरा मारला. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी मला बसवलं, एक सामना पुन्हा लावला आणि चेंडू हलला की दर वेळी चित्र थांबवलं. दर वेळी तो मुलगा इतरांच्या आधी योग्य दिशेनं झुकलेला होता. तो पळताना दिसत नव्हता, कारण त्याला पळावंच लागत नव्हतं. तो शेरा मी खोडला, पण त्याआधीच्या सहा आठवड्यांच्या नोंदी माझ्या हातून चुकीच्या गेल्या होत्या आणि त्या मुलाला त्या काळात बाकावर बसावं लागलं होतं. मला अजून त्याची रुखरुख आहे.

डोळ्यांनी पारखण्याची जुनी गोष्ट या गावचीच आहे. १९७४मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी दुसऱ्या फेरीत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचा जॅक लॅम्बर्ट घेतला. मधल्या लाइनबॅकरसाठी तो फारच किडकिडीत आहे, असं सगळ्यांचं मत होतं. पण स्टीलर्सच्या माणसांनी त्याचा सराव पाहिला होता. मैदानात चिखल म्हणून त्या दिवशी सराव गाड्या लावायच्या जागेत, खडीवर चालला होता. एका टॅकलसाठी लॅम्बर्टनं त्या खडीवर अंग झोकून दिलं, आणि मग हातात रुतलेले खडे काढत तो पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. मी इथे आलो १९७९च्या ऑगस्टमध्ये. पुढच्या जानेवारीत वसतिगृहाच्या टीव्हीवर स्टीलर्सचा चौथा सुपर बोल पाहिला, आणि रॅम्स पुढे सरकत असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये मागे सरून पास पकडला तो याच लॅम्बर्टनं. किडकिडीत म्हणून हिणवलेल्या माणसानं तिथे काही ताकद लावली नव्हती. पास कुठे येणार हे त्यानं ओळखलं होतं.

त्याच संघाचे स्काउट बिल नन यांच्याबद्दल जे मिळेल ते वाच. ते आधी पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे पत्रकार. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत बाकीच्या संघांची माणसं क्वचित फिरकत. नन यांचे तिथल्या प्रशिक्षकांशी वर्षानुवर्षांचे संबंध होते, कारण त्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी ते दर वर्षी आपल्या वृत्तपत्रात छापत. मेल ब्लाउंट आणि एल. सी. ग्रीनवुड स्टीलर्सकडे अशाच कॉलेजांतून आले. डॉनी शेलचं तर १९७४च्या ड्राफ्टच्या सतराही फेऱ्यांत कुणी नाव घेतलं नव्हतं. स्टीलर्सनी त्याला ड्राफ्टनंतर करारावर घेतलं, आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. नन स्वतः २०२१मध्ये तिथे पोचले. तेव्हा छोट्या कॉलेजची फिल्म आली की तिला शेवटचा अर्धा तास देऊ नकोस. सकाळी डोळे ताजे असतात तेव्हा ती बघ.

एवढं सांगून आता दुसऱ्या बाजूनं सावध करतो, नाहीतर मामाचं ऐकून घड्याळ फेकून देशील. ॲरन डोनल्ड इथल्याच पिट विद्यापीठाचा. २०१३मध्ये त्याला मी शनिवारमागून शनिवार पाहिलं. २८.५ वेळा त्यानं चाल तिच्या सुरुवातीच्या रेषेमागेच मोडली आणि बचावपटूंसाठीची जवळजवळ सगळी बक्षिसं नेली. कम्बाइनला २८५ पौंडांचा हा गडी ४.६८ सेकंदांत धावला. म्हणजे फिल्म आणि घड्याळ दोन्ही एकच सांगत होती. तरी उंची कमी म्हणून तो तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढे तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. तिथे चुकला तो फूटपट्टीवरचा आंधळा विश्वास. तुझ्या तक्त्यात हाताच्या लांबीचा रकाना आहे, तो असू दे, पण त्या रकान्यावरून एकाही मुलाचं नाव खोडू नकोस.

जागेचा विचारही कर. आता संघ निम्म्याहून जास्त चालींत मागे पाच जण उभे करतात, त्यामुळे आतल्या बाजूचा कॉर्नर हा जवळजवळ कायमचा खेळाडू झाला आहे. आयोवाचा कूपर डजीन कॉर्नर की सेफ्टी यावर २०२४मध्ये खल चालला होता, त्यात पायाचं हाड मोडल्यामुळे तो कम्बाइनला धावलाच नाही. ईगल्सनी त्याला ४०वा घेतला, आतल्या बाजूला उभा केला, आणि २०२५च्या त्या सुपर बोलमध्ये त्यानं पास पकडून टचडाउन केला. तो त्याचा बाविसावा वाढदिवस होता. मुलगा आपल्या प्रशिक्षकाच्या रचनेत कुठे उभा राहील हे अहवालात एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे.

दुखापतींबद्दल तू मत देऊ नकोस. मानेच्या दुखापतीमुळे डॉक्टरांनी लायातू लातूचा खेळ वॉशिंग्टन विद्यापीठात थांबवला होता. तो यूसीएलएत जाऊन पुन्हा खेळला, आणि २०२४मध्ये सबंध ड्राफ्टमधला पहिला बचावपटू म्हणून पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला. पुन्हा खेळण्याचा निर्णयही डॉक्टरांच्या कागदांवर झाला. घरच्या परिस्थितीबद्दलच्या कानगोष्टीही लिहू नकोस. ही एकवीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, तुझ्याहून लहान. त्याच्या आईसमोर बसून वाचून दाखवता येईल तेवढंच लिही.

आणि स्वतःच्या यादीवर फार भाळू नकोस. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी जुने ड्राफ्ट तपासून दाखवलं, की एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जरा जास्त, इतकीच असते. थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुझ्या विषयातला निबंध आहे, मिळवून वाच. कुणी एका मुलासाठी दोन-तीन निवडी उधळून वर सरकायला निघालं आणि तुझं मत विचारलं, तर हा निबंध पुढे ठेव. बैठकीत वरिष्ठ बोलण्याआधी तुझं मत तारीख घालून वहीत लिहीत जा, आणि तीन वर्षांनी ती वही उघड.

तुझ्या यादीत वर असलेल्या मुलाचे गेल्या हंगामातले हरलेले सामने काढ. शेवटचा क्वार्टर दोनदा बघ, आवाज बंद करून. मगच यादी वरच्यांकडे दे. ड्राफ्टच्या आठवड्यात फोन करू नकोस, झोप घे. मे महिन्यात घरी ये, मामी पुरणपोळ्या करणार आहे.

तुझा,
मामा