अभ्यासपाठ : एका अक्षराची चूक



सातपुड्यातल्या आमच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून काम करते. काही वर्षांपूर्वी एक पावरा जोडपे लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करायला आले. मुलगा वाहक निघाला, मुलीची साधी चाचणी निगेटिव्ह आली. "एकच वाहक आहे, मुलांना आजार होणार नाही," असे मी सांगितले. दोन वर्षांनी तीच बाई दहा महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाचे हातपाय सुजले होते. तपासणीत सिकलसेलचा आजार निघाला. "सिस्टर, तुम्हीच म्हणाला होता ना, काही होणार नाही?" तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते मी नंतर शिकले. तेच आज आपल्यापुढे मांडते.

प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. ही लिपी चारच अक्षरांची आहे आणि पेशी ती तीन-तीन अक्षरांनी वाचते. तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे एक अमिनो आम्ल. मण्यापुढे मणी ओवावा तशी प्रथिनाची माळ तयार होते. या अक्षरांत बदल झाला की त्याला उत्परिवर्तन म्हणतात. आरोग्यसेविकांना शिकवताना मी फळ्यावर आपल्या गावाकडच्या बोलीतले वाक्य लिहिते : छगन नगर बघत बसल.

1. अर्थ न बदलणारा बदल. ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तरी वाचणाऱ्याला शब्द कळतो. तसेच जनुकातले एखादे अक्षर बदलूनही कधी कधी मणी तोच राहतो. प्रथिनात काही फरक पडत नाही.

2. एक मणी बदलणे. "छगन मगर बघत बसल." वाक्य पूर्ण आहे, पण नगराची मगर झाली! सिकलसेलमध्ये हेच होते. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत 146 मणी असतात. जनुकात 'ए'च्या जागी 'टी' आल्याने सहावा मणी बदलतो : ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. 1957 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे दाखवून दिले. माळ पूर्ण बनते, पण प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

3. मध्येच पूर्णविराम. "छगन नगर." पुढचे कोणी वाचतच नाही. माळ अर्धवट राहते आणि निकामी ठरते.

4. अक्षर गळणे किंवा वाढणे. दुसरे अक्षर गाळून पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा : "छनन गरब घतब सल." तिथून पुढचे सगळेच बिघडले.

5. कापण्याच्या जागी चूक. जनुकाच्या नकलेतला काही भाग पेशी कापून टाकते आणि उरलेला जोडते. कापण्याच्या खुणेजवळ बदल झाला तर कात्री भलतीकडे चालते आणि योग्य प्रथिन फार थोडे बनते.

शेवटच्या तीन प्रकारांतून बीटा थॅलेसेमिया होतो. भारतात त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण पाचव्या प्रकारातले आहे. सिकलसेलमध्ये माळ बनते, पण सदोष. थॅलेसेमियात ती कमी बनते किंवा बनतच नाही.

आता त्या आईचे उत्तर. ती थॅलेसेमियाची वाहक होती. आमची साधी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते. जे प्रथिन कमी बनते, ते तिला दिसणार कसे? बाळाला वडिलांकडून सदोष माळेची कृती मिळाली आणि आईकडून अपुऱ्या माळेची. चांगली माळ पुरेशी बनवणारे कोणी उरले नाही, म्हणून बाळ आजारी पडले. चाचणी खोटी नव्हती. तिचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता. हे मी त्या बाईला कबूल केले. सासरी तिला दोष देत होते, त्यांनाही घरी जाऊन समजावले : हा कोणाच्या पापाचा वा करणीचा परिणाम नाही, आणि बदल दोन्हीकडून आला आहे.

म्हणून वस्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती :

• वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला तसे म्हणू नका.
• एक जण वाहक निघाला तर दुसऱ्याची एचपीएलसी तपासणी करून घ्या. तीत सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया या दोन्हींचे वाहक सहसा ओळखता येतात.
• दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून धोका टळत नाही.
• आजारी मुलाला भरपूर पाणी द्या, औषध चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

ते बाळ आता अंगणवाडीत जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया चालू आहे आणि दुखण्याचे झटके कमी झाले आहेत. त्याची आई आमच्या बैठकीला येते. मागच्या वेळी फळ्यावरचे वाक्य तिनेच इतर बायांना वाचून दाखवले.