हिशेब मांडणारी पोरं

शिरवळला माझं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. आंबवड्यातली आणि आसपासच्या वाड्यांतली काही पोरं-पोरी माझ्याकडे, एका तांदूळ व्यापाऱ्याकडे आणि भोरच्या एका सीएकडे येऊन बसतात. नोकरी मागायला नाही, गावाचं काम नीट करता यावं म्हणून. त्यांच्या संगतीत मला जे उमगलं ते असं.

१. आधी पत द्या, पैसे मागाहून.
विशीतला पोरगा बँकेत किंवा पंचायत समितीत एकटा गेला की त्याला 'उद्या या' ऐकावं लागतं. ओळखीचा व्यावसायिक शेजारी बसला, तर त्याच पोराचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं जातं. आंबवड्याला हे नव्यानं सांगायला नको. कान्होजी जेध्यांची समाधी याच गावात आहे. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा कारीच्या या जुन्याजाणत्या देशमुखांनी वतनावर पाणी सोडलं आणि मावळातल्या इतर देशमुखांना तिशीही न गाठलेल्या शिवाजी महाराजांच्या बाजूला उभं केलं. तरुणाच्या मागे आपलं वजन उभं करणं म्हणजे काय, ते यात दिसतं. आपल्या काळात भारतीय युवा शक्ती ट्रस्ट हेच काम करतो. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. नवउद्योजकाला कर्ज मिळवून देताना ही संस्था सोबत एक अनुभवी मार्गदर्शकही जोडून देते. पुण्यातही तिचं काम आहे. गावच्या कारभारात उतरणाऱ्या पोरांनाही असा माणूस हवा.

२. भाषण शिकवू नका, वही शिकवा.
तरुण मंडळाची वर्गणी ही आपल्याकडची नेतृत्वाची पहिली शाळा. जमा किती, मांडववाल्याला किती, शिल्लक किती, हे उत्सव संपल्यावर देवळाच्या भिंतीवर लावायला मी पोरांना सांगतो. पहिल्या वर्षी कुरकुर होते, दुसऱ्या वर्षी वर्गणी न मागता येते. पुढे हीच पोरं ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाला हात घालतात. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो, हे बचत गटातल्या एका मुलीनं आमच्या सीएंकडून समजून घेतलं आणि भर ग्रामसभेत विचारलं, "तो खर्च कुठं दाखवलाय?" आवाज चढवला नव्हता, हातात कागद होता. त्या दिवशी सभेतल्या बायका पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबल्या. मला तिचा फार अभिमान वाटतो.

३. मुलीला शिकवायचं तर आधी तिच्या घरी जा.
राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि एकविसाव्या वर्षी निवडणूक लढवता येते. पण "काकांकडे शिरवळला जाते" एवढ्यावर आई निर्धास्त होत नाही. म्हणून माझी बायको आणि मी ओट्यावर बसून चहा घेतो, कोण शिकवतं, कुठं बसतात, परतीची एसटी कोणती, ते सांगतो. यात वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो.

४. पंचायतीची कामं घेणाऱ्यानं मार्गदर्शक होऊ नये.
रस्त्याचं, गटाराचं टेंडर ज्याला हवंय, त्याच्याकडे बसलेला पोरगा उद्या सदस्य झाला तर मोकळेपणानं प्रश्न विचारणार नाही. आमच्यातल्या एका ठेकेदार मित्राला मी हे तोंडावर सांगितलं. तो रागावला, पण बाजूला झाला.

५. शेतीचं वेळापत्रक आधी बघा.
भातलावणीच्या दिवसांत बैठक ठेवली की चिखलानं भरलेल्या पायांनी पोरं येतात, डोळे मिटत असतात. आता आम्ही आषाढात कुणाला बोलावतच नाही, गरज पडली तर आम्हीच बांधावर जातो. भात झोडून घरात आलं की बैठका पुन्हा सुरू होतात आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी लागणारे कागद तेव्हाच मागवून घेतो, कारण अर्ज देऊन नक्कल हाती पडेपर्यंत बरेच दिवस जातात.