सूर्यप्रकाश, दाह व हृदयरोग

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे ज्यास उन्हाची वाण आहे असा शेतकरी सापडणे कठीण. तथापि 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या आता खेडोपाडी पोहोचल्या आहेत, आणि त्यांनी हृदयरोग टळतो अशी समजूतही त्यांजबरोबर पसरत आहे. तीत तथ्य किती, हे आपण पाहू.

प्रथम नाशिकची हकीकत. हचिसन व शाह ह्या डॉक्टरांनी १९२२ साली मुडदुसाविषयीची आपली पाहणी प्रसिद्ध केली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत हा रोग त्यांस आढळला. निकृष्ट अन्नावर, परंतु उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळजवळ नव्हता. उन्हातील अदृश्य किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व उत्पन्न होते. त्याचे मुख्य काम हाडांचे; परंतु रक्तातील पांढऱ्या पेशीही त्याचे ऐकतात व दाह आवरता घेतात.

दाह म्हणजे केवळ गळवाभोवतीची लाली नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचली की पांढऱ्या पेशी तेथे जमतात, मंद दाह वर्षानुवर्षे धुमसतो, आणि एके दिवशी तो थर फुटून रक्ताची गुठळी होते. हाच हृदयाचा झटका. तेव्हा दाह शमविणारे जीवनसत्त्व हृदयासही तारील, हा तर्क ओघानेच आला. हृदयरोग्यांच्या रक्तात ते पुष्कळदा कमी आढळे, ह्याने तर्कास बळ मिळाले.

परंतु तर्क निराळा आणि प्रचीती निराळी. अमेरिकेत २५,८७१ प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी निम्म्यांस सुमारे पाच वर्षे रोज २,००० एकक 'ड' दिले, व बाकीच्यांस तशीच दिसणारी निर्गुण गोळी. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला: हृदयविकाराचे प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखेच! असे का व्हावे? आजारी मनुष्य घरात बसतो, म्हणून त्यास ऊन लागत नाही; स्थूल शरीरात हे जीवनसत्त्व चरबीतच अडकते; शिवाय दाह स्वतःच रक्तातील त्याचे प्रमाण उतरवितो. म्हणजे ही उणीव पुष्कळदा रोगाची सोबतीण असते, जननी नव्हे. ब्रिटनमधील सुमारे तीन लक्ष लोकांच्या आनुवंशिक माहितीवरून २०२२ साली मात्र असे दिसले की, उणीव फारच तीव्र असेल तर ती भरून काढल्याने दाह कमी होण्याचा संभव आहे.

अशी उणीव रानात राबणारास सहसा नसावी. घरात खिळलेले वृद्ध, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या भगिनी, दिवसभर दुकानात बसणारे, ह्यांकडे लक्ष द्यावे. सकाळचे कोवळे ऊन सुखद खरे, पण त्यात ते किरण थोडे. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाचे ऊन कामाचे. वऱ्हाडच्या वैशाखात मात्र दुपारी हा प्रयोग कोणी करू नये.

आम्हांस भय वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. रक्तदाबाची रोजची गोळी कंटाळून सोडावयाची, तंबाखू चालू ठेवावयाची, आणि पुडी घेतली म्हणून निर्धास्त राहावयाचे, हा व्यवहार प्राणावर बेतेल. तसेच ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढून ओकाऱ्या होतात, भ्रम होतो व मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून पुडी किती आठवडे घ्यावी हे दुकानदारास न विचारता डॉक्टरांस विचारावे, व त्याच फेरीत रक्तदाबही मोजून घ्यावा.